तुर्की पिक्चरमधला मालक

शिक्षक म्हणून चिकटण्याआधीचे पाच महिने मी काय करत होतो, हे आजवर मी कुणाला धड सांगितलेलं नाही. 'घरीच होतो, अर्ज करत होतो' एवढं सांगून मोकळा होतो. अर्ज करत होतो हे खरं. पण त्याच वेळी आमच्या गावापासून दोन कोसांवर, जिथे आठवडी बाजार भरतो तिथे, एका टिनाच्या शेडमध्ये चादरीमागे बसून मी इराकमधल्या माणसांना मराठी बोलायला लावत होतो. त्यातूनच माझ्या सख्ख्या भावाचा कान फुटला. हे लिहिताना राग येतो. आमच्या गावच्या मालकाचा येतो, त्याच्या पुतण्याचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

आमच्याकडे टॉकीजला टॉकीज म्हणत आणि सीडीवर पिक्चर दाखवणाऱ्या शेडला नुसतं 'व्हिडिओ' म्हणत. मोठा टीव्ही, दोन स्पीकर, जमिनीवर सतरंज्या आणि मागे चार बाकडी. व्हिडिओचा शेठ कळमनुरीचा. मशीन चालवायला त्याने माझ्या दादाला ठेवलेलं होतं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. नववीत नापास झाला आणि शाळेला त्याने जो रामराम ठोकला तो कायमचा, पण वायरी, जनरेटर, सीडी प्लेयर यांतलं त्याला सगळं कळायचं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, वर बी.एड. केलं आणि घरी बसलो. दादा मला 'गुरुजी' म्हणायचा. नोकरी नव्हती तेव्हापासून म्हणायचा, त्यामुळे ते थोडं टोचायचं.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास शेठने कुठूनतरी तो तुर्कस्तानचा पिक्चर आणला. इराकमध्ये अमेरिकेचं सैन्य घुसलेलं, आणि त्या सैन्यावर सूड उगवायला निघालेला एक तुर्की जवान, अशी गोष्ट. बाहेरच्या देशांत त्यावरून मोठा गदारोळ झाला होता, असं पेपरात आलं होतं. कुणी म्हणे हा द्वेष पसरवतो, कुणी म्हणे हाच खरं दाखवतो. शेठला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने हाताने पाटी रंगवून घेतली: 'लढाईचा खतरनाक पिक्चर'. अडचण एकच होती. पिक्चर तुर्की भाषेत, खाली इंग्रजी ओळी, आणि बघणारे आमचे लोक. पहिल्याच खेळाला दहा मिनिटांत ओरडा सुरू झाला, "अरे काय म्हणून राहिला तो, कुणी सांगा तर."

दादाने शेठला सांगितलं, "माझा भाऊ वाचतो इंग्रजी."

अशी माझी नेमणूक झाली. माईक स्पीकरांच्या समोर धरला की ते शिट्टी मारायचे, म्हणून त्यांच्या मागच्या कोपऱ्यात चादर बांधली, मागे एक छोटा टीव्ही जोडला, आणि मी तिथे बसून ओळी वाचून मराठीत बोलू लागलो. माईक जुना होता. बटन बंद केलं की स्पीकरातून 'खट' असा मोठा आवाज यायचा, आणि त्यावरून शेठ दर खेळाला मला शिव्या घालायचा.

एक अट मी घातली होती. मी बोलतो हे कुणाला कळता कामा नये. वसमतकडच्या एका संस्थेत माझा अर्ज होता, मुलाखतीचं बोलावणं कधीही येणार होतं, आणि व्हिडिओवर बडबडणारा मास्तर कोण ठेवून घेईल? दादा म्हणाला, "मंग मीच बोलतो म्हणून सांगू. माझी कुठं इज्जत जाऊन राहिली?" मशीनच्या टेबलावर त्याने एक मोडका माईक मांडून ठेवला, अंधारात त्याला तोंड लावून बसायचा, आणि लोकांना तेच खरं वाटलं. नववी नापास माणूस इंग्रजी कसं वाचतो, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मला त्याचं हसू यायचं.

आता मालकाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या गावाच्या मालकाची दीडशे एकर बागायत. गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं. तिथे आमच्या वस्तीतल्या लोकांनी दगड वेचून, बाभळी तोडून जमीन काढली होती आणि सात-आठ वर्षं ज्वारी घेत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी पाचवीत असेन. कणसं भरलेली असताना एका सकाळी मालकाचे दोन ट्रॅक्टर आले आणि उभ्या पिकात नांगर घातला. आमची माणसं आडवी झाली. सालगड्यांच्या हातात दांडे होते. बायकांना केसांना धरून बांधावर फेकलं. माझ्या बापाच्या तोंडावर एकाने असा दांडा मारला की खालचे दोन दात मातीत पडले, आणि बाप ते दात शोधत बसला. मार खाऊन माणूस दात कशाला शोधत असेल, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

सगळं झाल्यावर मालक जीपमधून उतरले. दोनदा घसा खाकरला. ते नेहमी आधी खाकरत, मग नाकातून, सावकाश बोलत. म्हणाले, "गायरान गुरांचं असतंय. उद्या सरकारनं केस केली असती तर तुमालाच तकलीफ झाली असती. तुमच्या भल्यासाठीच करून राहिलो. बराबर हाय का न्हाई?"

बापाने रक्त गिळलं आणि म्हणाला, "बराबर हाय मालक."

'बराबर हाय का न्हाई' हे मालकाचं पालुपद होतं. ते म्हटलं की समोरच्याने 'बराबर हाय' म्हणायचंच, अशी गावाची रीतच होती. ग्रामसभेत, लग्नात, मयतीला, सगळीकडे तेच. आम्ही पोरं गोठ्यामागे जाऊन त्यांची नक्कल करायचो, आणि माझी नक्कल सगळ्यात सरस असायची. दादाला ती कधी जमली नाही. त्याचा आवाजच भरड होता.

तर पिक्चर. त्यात सुरुवातीलाच अमेरिकेचे लोक तुर्की सैनिकांना पकडून त्यांच्या डोक्यात पोती घालतात आणि हात बांधून ढकलत नेतात. मग एक लग्न येतं. सैन्य लग्नात शिरतं, गोळीबार होतो, नवरीसमोर नवरदेव पडतो, लेकरू पडतं, जेवणाच्या ताटात रक्त. सतरंजीवरच्या माणसांचा श्वास थांबायचा. पुढच्या रांगेत बाजारात हातगाड्यावर बांगड्या विकणारे एक चाचा बसत. ते त्या लग्नाच्या वेळी दस्तीने डोळे पुसत आणि तरी पुढच्या बाजाराला पुन्हा येत.

या सगळ्या सैन्याचा एक साहेब होता. गोरा, शांत, हसतमुख. माणसं मारून झाली की भाषण करायचा. पहिले दोन खेळ मी त्याचं बोलणं सरळ मराठीत सांगितलं. तिसऱ्या खेळाला लग्नातली प्रेतं पडून होती, साहेब पुढे आला, खाली इंग्रजीत ओळ आली की आम्ही इथे शांतता आणायला आलो आहोत, आणि माझ्या तोंडून काय निघावं? आधी मी दोनदा खाकरलो. मग नाकातून, सावकाश: "आमी तुमच्या भल्यासाठीच आलो. बराबर हाय का न्हाई?"

मग मागच्या बाकड्यावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बराबर हाय मालक," आणि सगळं शेड हसत सुटलं. मुडदे पडलेले आणि लोक पोट धरून हसतायत. चादरीमागे मला इतका आनंद झाला की पुढच्या दोन ओळी सांगायच्याच राहून गेल्या. बापाचे दोन दात मला त्या दिवशी परत मिळाले असं वाटलं.

मग काय, चटक लागली. अख्खा पिक्चर तो साहेब मालकाच्या आवाजात बोलू लागला. शेवटी तुर्की जवान त्याच्या अंगात सुरा खुपसतो तेव्हा लोक उभे राहून ओरडत, "हाण अजून, बराबर हाय." आजूबाजूच्या सात-आठ गावांत बोभाटा झाला. लोक पिक्चरसाठी कमी आणि मालकासाठी जास्त येऊ लागले. दादाची पाठ थोपटत. दादा हसून घ्यायचा आणि घरी येताना सायकलवर मला म्हणायचा, "गुरुजी, कमी करा जरा. मालकाच्या कानावर जाईल." मी म्हणायचो, "जाऊ दे ना." माझं काय जात होतं? लोकांच्या लेखी बोलणारा तो होता.

पोलिसांनाही या पिक्चरचा सुगावा लागला होता, पण भलत्याच बाजूने. त्यांना वाटे, मुसलमान बघून राहिले म्हणजे दंगल होणार. म्हणून बाजाराच्या दिवशी एक जमादार समोरच्या पानटपरीवर बसवलेला असायचा. तो चाचांसारख्या माणसांची तोंडं मोजत बसायचा.

मालकाचा पुतण्या एका बाजाराला तीन सोबती घेऊन आला, तिकिटं काढून बसला आणि पूर्ण पिक्चर शांतपणे बघून गेला. मला चादरीतून दिसला होता. चादरीला बिडीने जळालेलं एक भोक होतं, त्यातून मी शेडमध्ये बघायचो. तो आहे हे माहीत असूनही मी आवाज बदलला नाही. उलट जास्तच खाकरलो. जवानीची मस्ती, दुसरं काय. पुतण्या हसला नाही, रागावला नाही. उठून गेला.

पुढच्या बाजारी दुपारच्या खेळाला पहिली सीडी संपली. दादा दुसरी घालायला उठला, लोक चहापाण्याला बाहेर गेले, वीस-पंचवीस माणसं आत राहिली. तेव्हा ते चौघे आत आले. एकाच्या हातात फावड्याचा दांडा होता. दुसऱ्याच्या हातात हळदीचं रिकामं पोतं. पिक्चर बघून ते हेच शिकले होते.

पुतण्या दादाला म्हणाला, "लई गोड बोलतो म्हणं तू. तूच बोलतो ना?"

दादा काही बोलला नाही. पुतण्याने त्याच्या थोबाडीत मारली आणि पुन्हा विचारलं, "तूच ना?" दादा गप्प. मग दोघांनी त्याचे हात मागे धरले आणि तिसऱ्याने पोतं त्याच्या डोक्यात घालून गळ्याशी सुतळीने आवळलं. हळदीची धूळ उडाली. पोत्यातून दादाचं खोकणं ऐकू येत होतं.

मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होतो. भोकाला डोळा लावून. माझ्या हातात माईक होता आणि तो चालू होता, कारण पहिली सीडी संपल्यावर बंद करायचा मी विसरलो होतो. एवढ्या शांततेत माझ्या लक्षात आलं की स्पीकरातून बारीक घरघर येतेय, आणि ती माझ्या श्वासाची आहे. एक वाक्य पुरलं असतं. मालकाच्या आवाजात एक वाक्य बोललो असतो, तर सगळ्या शेडला कळलं असतं की बोलणारा चादरीमागे आहे.

पुतण्याने तिसऱ्यांदा विचारलं, "बोलतो का न्हाई रे? तूच ना?"

मी माईकचं बटन बंद केलं.

पोत्यातून दादा म्हणाला, "व्हय. मीच."

"मंग बोल. काकाच्या आवाजात बोल."

पहिला दांडा पाठीत बसला. दादा गुडघ्यावर आला. त्याने खाकरायचा प्रयत्न केला आणि त्याच्या त्या भरड आवाजात म्हणाला, "बराबर हाय का न्हाई." अगदी भिकार नक्कल होती. पुतण्या म्हणाला, "असं न्हाई. माईकवर तर लई नीट काढतो." दुसरा दांडा मनगटावर, हाड मोडल्याचा आवाज मला चादरीमागे आला. "पुन्यांदा बोल." दादा पुन्हा बोलला. दांडा कानावर. पोत्यावर कानाच्या जागी लाल डाग आला आणि पसरत गेला. "पुन्यांदा." किती वेळा म्हणायला लावलं ते मी मोजलं नाही. पडल्यावर लाथा घातल्या, पोटात, तोंडावर. शेवटी शेवटी पोत्यातून फक्त "बराबर हाय, बराबर हाय" एवढंच येत होतं. तो नक्कल करत होता की कबूल करत होता, कुणास ठाऊक.

शेडमधली माणसं भिंतीला चिकटून उभी होती. याच माणसांनी गेल्या बाजाराला 'हाण अजून' म्हणून शिट्ट्या मारल्या होत्या. एकटे चाचा मध्ये आले. त्यांना ढकललं तर ते बाकड्यावर आपटले. आरडाओरडा ऐकून जमादार दारात आला, पुतण्याला पाहिलं आणि विचारलं, "हे तुमचं गावातलं गावात हाय ना?" पुतण्या म्हणाला, "व्हय साहेब, घरचंच हाय." दंगल नाही म्हटल्यावर जमादार परत पानटपरीवर गेला.

ते गेल्यावर चाचांनी सुतळी सोडली. पोतं काढलं तेव्हा दादाचं तोंड हळद लागलेल्या नवरदेवासारखं पिवळं होतं आणि त्यातून रक्ताचे ओघळ. चाचांनी गाड्यावरच्या बांगड्यांचे खोके जमिनीवर उतरवले, त्यावर दादाला निजवलं आणि गाडा दवाखान्याकडे ढकलत नेला. मी काय केलं? मी चादरीमागून टिनाचा पत्रा वाकवून मागच्या बाजूने निघालो, लांबचा वळसा घालून दवाखान्यात गेलो, आणि धापा टाकत विचारलं, "काय झालं?"

मनगट वाकडं बसलं. डावा कान कायमचा गेला. जमादार जबाब घ्यायला आला तेव्हा दादा म्हणाला, "डोक्यात पोतं व्हतं साहेब. कोण व्हतं दिसलं न्हाई." पोतं घालायच्या आधी दोनदा समोरासमोर विचारलं होतं, आणि पुतण्याला तर जमादारानेही दारातून पाहिलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू कुठं व्हता?" मी म्हणालो, "वसमतला. नोकरीच्या कामाला." तो खाली मान घालून लिहीत राहिला. आई खाटेच्या पायथ्याशी बसून मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तिला मी काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली आणि मी शाळेत लागलो. पोलीस केसमध्ये साक्षीदार म्हणून नाव असतं तर संस्थेने दारात उभं केलं असतं का, हा विचार मी त्या काळात बराच केला. मनाची समजूत घालायला तो बरा होता. शेडही महिन्याभरात बंद झालं. लोक म्हणाले, त्या तुर्की पिक्चरनेच भांडणं लावली. मालकाचं नाव कुणी घेतलं नाही.

दादा आणि मी त्या दिवसाबद्दल बोललो नाही. मी मनाशी एक हिशेब धरून होतो: पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो गप्प राहिला तो भीतीने. पोतं पडल्यावर हिंमत आली आणि मला वाचवायला त्याने 'व्हय' म्हटलं. थोरला भाऊ आहे, थोरलेपण निभावलं. असं धरलं की मला झोप लागायची.

दोन-तीन वर्षांनी सव्वीस जानेवारीला दादा माझ्या शाळेवर आला. झेंडावंदनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पोरांची भाषणं झाली, खाऊ वाटला, मैदान रिकामं झालं. मी माईक बंद केला आणि स्पीकरातून 'खट' आवाज आला. खुर्चीवर बसलेल्या दादाने एकदम दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग त्याचं त्यालाच कळलं. हात खाली घेऊन तो उठला आणि जुन्या सवयीने माईकची वायर कोपरावर गुंडाळायला लागला. वाकड्या मनगटामुळे त्याला ते आता नीट जमत नव्हतं.

"असाच आवाज आल्ता त्या दिशी," तो म्हणाला.

मी कार्यक्रमाच्या कागदाची घडी घालायला लागलो.

"गुरुजी, मी आधी दोनदा काहून बोललो न्हाई, ठाऊक हाय का?"

"भ्यालास," मी म्हणालो.

"न्हाई. वाट पाहून राहिलो व्हतो." तो वायरीकडेच बघत होता. "तुझा दम ऐकू येऊन राहिला व्हता स्पीकरात. पोत्यातून बी येऊन राहिला व्हता. मला वाटलं, आता बोलतो, आता बोलतो. मंग खट झालं." त्याने वायरीचे आणखी दोन वेढे घेतले. "मंग मी व्हय म्हणलो."

त्याने वायरीचं वेटोळं माझ्यापुढे धरलं. मला काहीतरी बोलायचं होतं. घसा खाकरला, आणि माझं खाकरणं ऐकून तो माझ्याकडे असा बघू लागला की मी काही न बोलता ती वायर हातात घेतली.